चिमूटभर नळ्यांनी द्रावण का अडते? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळलेल्या पॉलिमर द्रावणांविषयी एक छोटे टिपण आले होते. शंभर भाग द्रावणात अर्धा भागसुद्धा नळ्या नसल्या तरी बाटली आडवी केल्यावर ते वाहायचे थांबू शकते आणि तेच द्रावण जोराने ढवळले की पुन्हा पातळ होते, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर खानदेशातून बरीच पत्रे आली. प्लॅस्टिकचा दाणा, ठिबकची नळी आणि चटई हे जिथे रोजच्या पोटापाण्याचे विषय आहेत, तिथून ती यावीत यात नवल नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून खाली उत्तरे दिली आहेत. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा आतला विरोध आणि पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकाला एक जोडून झालेली लांब साखळी, एवढे दोन शब्द ध्यानात असले म्हणजे पुरे. नळ्या द्रावणात विरघळत नाहीत, त्या त्यात पसरून तरंगत राहतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : ठिबकच्या काळ्या नळीत दोन-अडीच टक्के कार्बन असतो आणि त्याने दाणा वितळून वाहण्यात फारसा फरक पडत नाही, असे आमच्या कारखान्यातले जुने ऑपरेटर सांगतात. मग त्याच कार्बनच्या नळ्या अर्ध्या टक्क्यात द्रावण कसे काय अडवतात? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : कार्बन तोच आहे, पण आकार तो नाही, आणि पदार्थाच्या रासायनिक नावाशी प्रवाहाला फार थोडे देणेघेणे असते. उन्हापासून नळीचे रक्षण व्हावे म्हणून घातला जाणारा कार्बन ब्लॅक हा काजळीचा सख्खा भाऊ. त्याचे कण एकमेकांना चिकटून वेडेवाकडे झुबके होतात, पण झुबक्याच्या लांबीत आणि रुंदीत मोठी तफावत नसते. नॅनोनळी म्हणजे ग्राफाइटचा थर सुरळीसारखा गुंडाळला जावा तशी रचना. एका भित्तीची नळी एक-दोन नॅनोमीटर जाड असते, अनेक भित्तींची दहा ते काही दशक नॅनोमीटर, आणि लांबी मात्र मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे हजार-हजार नॅनोमीटरच्या मापात, मोजावी लागते. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून जाडीचा अंदाज यावा; मुद्दा मात्र जाडीचा नाही, जाडीच्या मानाने लांबी किती पट आहे याचा आहे.

आइन्स्टाइन यांनी १९०६ साली, द्रवात थोडे गोल कण मिसळल्यास श्यानता किती वाढेल याचे गणित मांडले आणि १९११ मध्ये त्यातली एक चूक दुरुस्त केली. त्या दुरुस्त सूत्राप्रमाणे एक टक्का आकारमानाचे गोल कण घातले तर श्यानता अडीच टक्क्यांनी वाढते. चमच्याने ढवळणाऱ्या हाताला हा फरक कळणारही नाही. लांब नळीचे मात्र तसे नाही. द्रवाच्या रेणूंचे धक्के खात ती सतत दिशा बदलत असते आणि मोकळेपणाने फिरायचे तर तिला स्वतःच्या लांबीएवढ्या व्यासाचा गोल रिकामा लागतो. दहा नॅनोमीटर जाड आणि एक मायक्रोमीटर लांब नळी घेतली, तर हा गोल तिच्या स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ६,७०० पट भरतो. म्हणजे द्रावणाचा जेमतेम ०.०१५ टक्का भाग नळ्यांनी व्यापला, की हिशेबाने सगळी जागा या गोलांनी भरली. त्यापुढे प्रत्येक नळी दुसरीच्या आड येऊ लागते. आठवडी बाजारात खांद्यावर आडवा बांबू घेतलेला माणूस उभा राहायला वीतभरच जागा घेतो, पण तो वळला की दहा जणांना बाजूला व्हावे लागते. बाजारात असे शंभर बांबूवाले एकदम शिरले, तर गर्दी मूळची कितीही विरळ असो, हालचाल थांबते.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून मी घरी एक प्रयोग केला. मैद्याची पातळ खळ शिजवून गार होऊ दिली आणि दोन पेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर घेतली. एकात तापीची चाळलेली बारीक वाळू पाच ग्रॅम घातली. दुसऱ्यात केळीच्या खोडातून काढलेला धागा, जो रावेर-यावल भागात आता सहज मिळतो, एक-एक सेंटिमीटरचे तुकडे करून अडीच ग्रॅम घातला. वाळू धाग्याच्या साधारण दुप्पट जड असल्याने दोन्हींचे आकारमान जवळपास सारखे, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास होते. वाळूचा पेला तिरपा केला तेव्हा खळ नुसत्या खळीसारखीच पडली आणि वाळू तळाशी राहिली. धाग्याचा पेला तिरपा केला तेव्हा खळ काठापर्यंत आली, फुगीर होऊन तिथेच थबकली आणि मग सगळीच्या सगळी एका लोळ्यात घसरली. चमच्याने भराभर फिरवताना मात्र ती आधीपेक्षा बरीच सैल वाटत होती, कारण धागे फिरण्याच्या दिशेने ओळीत लागत होते. पहिल्या खेपेला माझे चुकले होते हेही सांगितले पाहिजे. मी सगळा धागा एकदम टाकला, त्याचा मध्ये एक गोळा झाला आणि भोवतालची खळ पातळच राहिली. दुसऱ्यांदा थोड्या पाण्यात बोटांनी धागे सुटे करून घेतले, तेव्हा वरचा परिणाम दिसला. वजन तेच, धागा तोच, तरी एकदा खळ अडली आणि एकदा नाही. या गोळ्याकडे पुढच्या काही उत्तरांत पुन्हा यावे लागणार आहे. केळीचा धागा रेणूंच्या धक्क्यांनी हलण्याइतका लहान नाही, तेवढ्यापुरती ही तुलना अपुरी आहे.

प्रश्न : या नळ्यांचा शोध कोणी लावला? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : जपानमधील सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली अनेक भित्तींच्या नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले, एका भित्तीच्या नळ्या १९९३ मध्ये पुढे आल्या. मात्र रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच पोकळ कार्बन तंतूंची सूक्ष्मदर्शक चित्रे छापली होती. ती रशियन भाषेत असल्याने बाहेर फार कोणी पाहिली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात काचेच्या ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरवर अशा द्रावणाची श्यानता एक येते आणि फिरत्या स्पिंडलच्या यंत्रावर तिच्या कितीतरी पट जास्त येते. विद्यार्थ्यांना खरा आकडा कोणता सांगावा? (एक प्राध्यापक, भुसावळ)

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि त्यांतला कोणताही एकटा सांगणे चुकीचे आहे. पाणी किंवा ग्लिसरीन यांची श्यानता हळू ढवळा वा जोरात, तीच राहते. वीस अंश सेल्सिअसला पाण्याची सुमारे एक मिलिपास्कल-सेकंद आणि ग्लिसरीनची त्याच्या सुमारे चौदाशे पट. न्यूटन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे साधे वागणे पॉलिमरच्या लांब साखळ्या द्रावणात आल्या की बिघडते, आणि नळ्या आल्यावर आणखी बिघडते. द्रवाचे शेजारशेजारचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात याला कर्तनदर म्हणतात. तो वाढला की गुंतलेल्या साखळ्या ओढल्या जाऊन सुटतात, नळ्या प्रवाहाच्या दिशेने ओळीत लागतात, त्यांचे एकमेकींशी असलेले सैल जाळे तुटते आणि श्यानता उतरते.

हे उतरणे किती मोठे असते ते एका हिशेबाने पाहू. पुष्कळशा द्रावणांत, मधल्या टप्प्यावर, श्यानता कर्तनदराच्या एका ठरावीक घाताप्रमाणे घटते आणि तो घात प्रवाहाच्या घातांकातून, म्हणजे ढवळायला लागणारा ताण कर्तनदराच्या ज्या घाताने वाढतो त्यातून, एक वजा करून येतो. समजा प्रवाहाचा घातांक ०.४ आहे, मग कर्तनदर शंभर पट वाढवला तर श्यानता सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येईल. काचेच्या बारीक नळीतून द्रव भिंतीजवळ वेगाने कर्तन पावत उतरतो, नळीच्या मध्यरेषेवर मात्र कर्तनदर शून्य असतो. त्यामुळे तिथे आपल्याला कसली तरी सरासरी मिळते आणि ती कशाची हे द्रावणावर अवलंबून राहते. संथ फिरणारे स्पिंडल त्या मानाने कमी कर्तनदरावर मोजते आणि साहजिकच मोठा आकडा दाखवते. ऑस्टवाल्डचे उपकरण वाईट नाही, पण ते पाण्यासारख्या सरळ द्रवांसाठी आहे. माझे मत विचाराल तर नॅनोनळ्यांच्या मिश्रणासाठी ते वापरूच नये.

विद्यार्थ्यांना आकडा न सांगता आलेख काढायला सांगावा. आडव्या अक्षावर कर्तनदर, उभ्यावर श्यानता, दोन्ही लॉगरिदमच्या प्रमाणात. शंकू आणि चकती असलेले यंत्र असेल तर उत्तम, कारण त्यात सगळ्या नमुन्यावर कर्तनदर जवळपास एकच असतो. आलेखाचा डावा, संथ भाग नळ्यांच्या जाळ्याची गोष्ट सांगतो आणि उजवा, वेगवान भाग बहुतांशी मूळ पॉलिमर द्रावणाची. म्हणूनच नळ्यांसह आणि नळ्यांशिवाय काढलेल्या दोन रेषा डावीकडे एकमेकींपासून फार दूर असतात आणि उजवीकडे जवळ येत जातात. फक्त वेगवान टोकाला मोजणाऱ्या माणसाला नळ्यांनी काही फरकच पडला नाही असे वाटते, तो यामुळेच.

प्रश्न : कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना तो घाटावा तितका दाट होत जातो, हात भरून येतो. ढवळल्याने पातळ होते असे तुम्ही म्हणता, मग चिकाचे उलटे कसे? (एक वाचक भगिनी, शिरपूर)

उत्तर : ताई, चुलीवरच्या पातेल्यात दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. चिकातला स्टार्च हाही पॉलिमरच आहे, पण कच्च्या चिकात तो घट्ट दाण्यांमध्ये बांधलेला असतो. साठ अंश सेल्सिअसच्या आसपास हे दाणे पाणी पिऊन फुगू लागतात, काही फुटतात, त्यांतल्या साखळ्या बाहेर येतात आणि सगळे मिश्रण दाटते. ही दाटी उष्णतेने आलेली आहे. घाटणे बंद केले तरी ती येणारच, फक्त गुठळ्या होतील. ढवळल्याने होणारे पातळपण त्याच वेळी आत असतेच, पण वाढत्या दाटीपुढे ते हाताला जाणवत नाही.

आपला प्रश्न मला आवडला तो पुढच्या पायरीमुळे. शिजलेला चीक सोऱ्यात भरून दाबला की बारीक भोकांतून सरसर उतरतो आणि कापडावर पडताच कुरडईचा आकार धरून बसतो, पसरत नाही. दाब असेपर्यंत द्रव, दाब जाताच जवळजवळ घन. ठरावीक ताण ओलांडल्याशिवाय न वाहण्याच्या या गुणाला प्रारंभिक ताण म्हणतात आणि नॅनोनळ्या घातलेल्या द्रावणाची नेमकी तीच ओळख आहे. फरक एवढाच की पातळ पॉलिमर द्रावणात हा गुण आणायला चिकात जितका स्टार्च लागतो त्याच्या अल्पांश नळ्या पुरतात. अशा मिश्रणाची शाई बारीक सुईतून ओतून विजेच्या तारेसारख्या रेघा काढता येतात आणि सुकेपर्यंत त्या ओघळत नाहीत.

प्रश्न : विजेच्या स्कूटरच्या बॅटरीत नॅनोनळ्या असतात हे खरे का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : पुष्कळ लिथियम-आयन बॅटऱ्यांत असतात, आणि तिथे त्या आधी आपल्या विषयाच्याच रूपात येतात. पीव्हीडीएफ नावाचे पॉलिमर एनएमपी या द्रावकात विरघळवतात, त्यात धन इलेक्ट्रोडची जड भुकटी आणि वीज वाहावी म्हणून थोडा कार्बन ब्लॅक किंवा नळ्या घालतात आणि हे काळे मिश्रण ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पात्याने पसरतात. पात्याखाली ते पातळ व्हायला हवे, पसरल्यावर जागचे हलू नये आणि टाकीत थांबलेले असताना जड भुकटी तळाशी बसू नये, या तीन मागण्या एकट्या श्यानतेच्या आकड्याने पुऱ्या होत नाहीत.

प्रश्न : नॅनोनळ्या पाण्यात सुट्या ठेवण्यासाठी डिंक वापरतात असे वाचले. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बाभळीचा आणि धावड्याचा डिंक भरपूर मिळतो. तो चालेल का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. २००२ साली इस्रायलमधील संशोधकांनी गम अरेबिकच्या पाण्यात एका भित्तीच्या नळ्या सुट्या करून टिकवून दाखवल्या. नळ्यांच्या भिंती एकमेकींना फार जोराने ओढतात आणि एकदा जुडी झाली की ती साध्या ढवळण्याने सुटत नाही. डिंकाच्या फांद्याफांद्यांच्या रेणूंचा थर नळीभोवती बसला की दोन नळ्या पुरेशा जवळ येऊच शकत नाहीत. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेत पीव्हीपी या पॉलिमरने नळ्यांना गुंडाळून हेच साधले होते.

व्यापारातला गम अरेबिक आफ्रिकेतील दोन विशिष्ट जातींच्या झाडांपासून येतो. आपली बाभूळ त्यांच्या जवळच्या नात्यातली आहे, धावडा मात्र वेगळ्याच कुळातला. गम अरेबिकचा मोठा गुण असा की तो पुष्कळ विरघळवला तरी पाणी फारसे दाटत नाही, म्हणजे नळ्या सुट्याही होतात आणि द्रावण वाहतेही राहते. धावड्याचा डिंक त्याच्यापेक्षा बराच दाट होतो. गवारीच्या बियांचा गोंद तर एक टक्क्यालाच पातळ काकवीसारखा होतो, आणि दाट द्रवात जुड्या उशिरा तळाशी बसतात म्हणून नळ्या सुट्या झाल्या असा भास होतो. आपण प्रयोग करणार असाल तर फसगत होण्याची जागा ही आहे. द्रावण काळेभोर दिसणे हा पुरावा नव्हे. थेंब पाण्याने पातळ करून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, काळे ठिपके दिसले तर त्या जुड्या समजाव्यात.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नळीला न चिकटणारे पॉलिमर जास्त घातले तर ते नळ्यांना सुटे करण्याऐवजी एकत्र ढकलते. दोन नळ्यांमधल्या अरुंद फटीत पॉलिमरच्या साखळ्यांच्या गुंडाळ्या मावत नाहीत, बाहेरून मात्र त्या धडका देत राहतात आणि फट मिटत जाते. जपानमधील असाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ साली गोल कणांसाठी हे दाखवले होते. म्हणून डिंक जितका जास्त तितके चांगले, असे समजू नये.

प्रश्न : मी पॉलिमर द्रावणात नळ्या पसरवण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरतो. सुरुवातीला श्यानता वाढत गेली, पण बराच जास्त वेळ ठेवल्यावर ती उलट घटली. शिवाय आज मोजलेला नमुना उद्या वेगळा येतो. मार्गदर्शक म्हणतात की माझ्या मोजण्यात चूक आहे. (एक संशोधक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : आपल्या मोजण्यात चूक असेलच असे नाही. ध्वनिलहरींनी द्रवात अतिसूक्ष्म बुडबुडे होतात आणि ते मिटताना भोवतालचा द्रव जोराने आत ओढला जातो. या ओढीने आधी जुड्या सुटतात, एका जुडीच्या शेकडो नळ्या होतात आणि श्यानता वाढते. माझ्या खळीतला गोळा सुटला तेव्हा झाले तेच. नंतर सुट्या झालेल्या नळ्याच तुटू लागतात, लांब नळ्या आधी. लांबी निम्मी झाली की फिरायला लागणारा गोल आठव्या हिश्श्यावर येतो; नळ्यांची संख्या दुप्पट झाली तरी एकूण व्यापलेली जागा चौथाईवर उतरते. यंत्रात जास्त वेळ ठेवल्यावर श्यानता घटण्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण अधिक आडवळणाचे आहे आणि प्रबंध तपासताना परीक्षक बहुधा त्यावरच बोट ठेवतील. तोच मारा पॉलिमरच्या साखळ्यांनाही बसतो आणि त्याही तुटतात. गुंतलेल्या साखळ्यांच्या द्रवाची श्यानता रेणुभाराच्या सुमारे ३.४ घाताने बदलते, म्हणजे साखळ्या थोड्या आखूड झाल्या तरी श्यानता बरीच पडते. त्यामुळे नळ्या न घातलेले तेच द्रावण तितकाच वेळ यंत्रात ठेवून त्याची श्यानता वेगळी मोजली पाहिजे. ती घटली असेल तर दोष नळ्यांचा कमी आणि साखळ्यांचा जास्त. शक्य असेल तर नळ्या आधी द्रावकात सुट्या करून घ्याव्यात आणि पॉलिमर नंतर संथ ढवळत मिसळावे. नमुना बर्फात ठेवून यंत्र थांबत-थांबत चालवावे, हे आपण करत असालच.

आज एक आणि उद्या दुसरे येण्याचे कारण नमुन्याचा इतिहास हे आहे. नळ्यांचे जाळे ढवळण्याने तुटते आणि स्वस्थ ठेवल्यावर हळूहळू पुन्हा जमते, त्याला मिनिटे लागतात, कधी तास. पिचकारीने नमुना यंत्रावर ठेवणे हेसुद्धा एक कर्तनच आहे. म्हणून प्रत्येक नमुना यंत्रावर आधी ठरावीक कर्तनदराने ठरावीक वेळ फिरवावा, मग ठरावीक वेळ स्वस्थ ठेवावा आणि त्यानंतरच मोजणी सुरू करावी. हे तिन्ही आकडे प्रबंधात लिहावेत. गुळगुळीत चकतीवर नमुना सटकतो आणि श्यानता खोटी कमी दिसते, तेव्हा दोन चकत्यांमधले अंतर बदलून पाहावे. अंतर बदलल्यावर आकडा बदलला तर नमुना सटकतो आहे.

प्रश्न : द्रावण आवळून येते त्याच प्रमाणाला त्यातून वीज वाहू लागते का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही, बहुधा आवळणे आधी होते. विजेसाठी नळी नळीच्या काही नॅनोमीटर इतक्या जवळ यावी लागते, म्हणजे इलेक्ट्रॉनला उडी मारता येते. प्रवाह अडवण्यासाठी इतकी जवळीक लागत नाही. दोन नळ्यांमधले अंतर पॉलिमरच्या एका गुंडाळीएवढे झाले तरी मधली साखळी दोघींना बांधून ठेवते. २००४ साली अमेरिकेत ॲक्रिलिक प्लॅस्टिक आणि एका भित्तीच्या नळ्या यांवर झालेल्या अभ्यासात वितळलेले मिश्रण ०.१२ टक्के नळ्यांना आवळले गेले, वीज मात्र ०.३९ टक्क्यांना वाहू लागली.

आवळले गेले हे कसे ओळखतात तेही सांगतो, कारण आपण पत्रात ते विचारले आहे. नमुना फिरवत नाहीत, अगदी थोडा मागेपुढे डोलवतात आणि डोलणे हळूहळू संथ करत जातात. साध्या पॉलिमर द्रावणात डोलण्याचा वेग निम्मा केला की त्याचा रबरी, ताणून परत येणारा भाग चौथाईवर येतो आणि वाहणारा भाग निम्म्यावर, म्हणजे पुरेसे संथ झाले की द्रावण निखळ द्रव होते. नळ्यांचे जाळे तयार झाले की रबरी भाग एका पातळीवर थांबतो आणि कितीही संथ केले तरी खाली उतरत नाही. ती सपाट रेषा दिसली की द्रावण आवळले.

प्रश्न : माझा औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचा लहान कारखाना आहे. स्थिर वीज साचू नये म्हणून चटईच्या दाण्यात नॅनोनळ्या मिसळण्याचा विचार आहे. काय सांभाळावे? (एक उद्योजक, जळगाव)

उत्तर : आपला माल द्रावण नसून वितळलेले प्लॅस्टिक आहे, पण वर सांगितलेले बहुतेक सगळे त्याला लागू पडते. कार्बन ब्लॅकने वीज वाहती करायला बरेच टक्के लागतात आणि माल ठिसूळ होतो. नळ्यांचे काम एक-दोन टक्क्यांत, कधी त्याहून कमीत होते, हा त्यांचा फायदा. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दाणा वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, तीन गोष्टी बदललेल्या दिसतील. स्क्रूवरचा भार वाढेल, विशेषतः यंत्र बंद ठेवून पुन्हा सुरू करताना, कारण थांबलेल्या मिश्रणात जाळे जमलेले असते. पूर्ण वेगात मात्र फरक त्या मानाने कमी जाणवेल. आणि डायमधून, म्हणजे यंत्राच्या तोंडावरच्या साच्याच्या भोकातून, बाहेर पडणारा माल नेहमीसारखा फुगणार नाही. लांब साखळ्या डायमध्ये ताणल्या जातात आणि बाहेर येताच आखडतात, त्यामुळे साधा माल भोकापेक्षा जाड होतो हे आपल्या कारागिरांना ठाऊक आहेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की नळ्या घातलेले पॉलिप्रॉपिलीन फुगण्याऐवजी आकसते किंवा चपटे होते. म्हणजे जुन्या मापाची डाय ठेवली तर पट्टी बारीक निघण्याची शक्यता आहे. डाय बनवायला टाकण्यापूर्वी थोडा माल काढून मोजून घ्यावा.

पट्टी जोराने ओढली तर नळ्या ओढीच्या दिशेने ओळीत लागतात, एकमेकींना शिवेनाशा होतात आणि वीज वाहणे कमी होते. तोच दाणा, तेच प्रमाण, तरी संथ काढलेला नमुना वीज वाहतो आणि वेगाने ओढलेला वाहत नाही, असे झाले तर पुरवठादाराशी भांडण्यापूर्वी ओढीचा वेग तपासावा.

कोरडी नॅनोनळ्यांची भुकटी मात्र कारखान्यात आणूच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ती अतिशय हलकी असते, हॉपरवर पोते रिकामे करताना हवेत उडते आणि श्वासातून खोल फुप्फुसापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली अनेक भित्तींच्या एका विशिष्ट प्रकारच्या नळीला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात घातले. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या एका घनमीटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली, जी नाकाला रुमाल बांधून पाळता येण्यासारखी नाही. नळ्या आधीच प्लॅस्टिकमध्ये बांधलेले दाणे, म्हणजे मास्टरबॅच, बाजारात मिळतात. ते महाग पडतात, पण नळ्या सुट्या करण्याचे निम्मे काम त्यात झालेले असते आणि साध्या एक-स्क्रूच्या यंत्रावर कोरड्या भुकटीच्या जुड्या सुटतही नाहीत. तयार माल घासताना, कापताना किंवा भंगार दळताना उठणारी धूळ तेवढी पाण्याने बसवावी आणि दळणयंत्राला शोषण पंखा लावून घ्यावा.